सड्याची वंशावळ

मलकापूर सोडून आंब्याच्या वाटेला लागलं की ऊस मागे पडतो, भाताची खाचरं लागतात, मग रान दाट होत जातं. त्या रानाच्याही वर, डोंगरमाथ्यावर पोचलं की झाडी एकदम संपते आणि पायाखाली काळपट-तांबडा, भोकाभोकांचा सपाट खडक पसरलेला दिसतो. हा सडा. एप्रिलमध्ये तो इतका तापतो की त्यावर हात टेकवत नाही. जूनच्या पहिल्या सरींनी त्याच्यावर शेवाळ धरतं, खळग्यांत पाणी साठतं. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवळा, सोनकी अशी फुलं एकामागून एक रंग बदलत जातात. दिवाळी सरली की गवत वाळतं आणि खडक पुन्हा उघडा पडतो.

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम कडेला, विशाळगडाच्या परिसरापासून उत्तरेला उदगिरी आणि चांदोलीच्या रानापर्यंत, असे सडे डोंगरमाथ्यांवर विखुरलेले आहेत. लोक इथे येतात ते पावनखिंडीसाठी, विशाळगडासाठी, पावसाळ्यात बर्कीच्या धबधब्यासाठी. सडा वाटेत लागतो आणि मागे पडतो. केप टाउनचा टेबल माउंटन किंवा व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमेवरचा रोराइमा हे सपाट माथ्यांचे डोंगर बघायला माणसं अर्धं जग ओलांडून जातात. ते दोन्ही वाळूच्या खडकाचे आहेत. आपला सडा जांभ्याचा आहे. त्याचं घराणं निराळं आहे आणि त्याची वंशावळ फार लांबची आहे. ती नीट वाचली नाही तर हा खडक म्हणजे उरलेसुरलेलं काहीतरी आहे असं वाटत राहतं, आणि आपण त्याच्याशी तसंच वागतो. म्हणून आजच्या कागदांपासून निघून एकेक पिढी मागे जात त्याचा माग काढू.

सर्वांत अलीकडचा कागद सरकारी आहे. महसुली दप्तरात लागवडीला न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला गेला तेव्हापासून जमिनीची प्रतवारी पिकावर बेतलेली आहे. जिथे नांगर चालत नाही तिथे किंमत शून्य. पुढे उपग्रहांची छायाचित्रं आली आणि 2000 साली देशाचा पडीक जमिनींचा ॲटलास निघाला. त्यातही उघड्या खडकाळ जमिनीला पडीक जमिनींतच स्थान मिळालं. सड्यावर वर्षातून चार महिने काय उगवतं याला या दोन्ही दप्तरांत रकाना नव्हता.

दुसरा कागद खाणीचा. शाहूवाडीत उदगिरी आणि येळवण जुगाई परिसरातल्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट आहे, आणि ते काढण्यासाठी इथे खाणी झाल्या. तिसरा कागद संरक्षणाचा. 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2011 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल आला, 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीचा. मधल्या वर्षी, म्हणजे 2012 मध्ये, पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चांदोली आणि राधानगरी यांच्या मधला जंगलाचा पट्टा शाहूवाडीतून जातो. वाघ, गवे, अस्वलं दक्षिणोत्तर जायची तर त्यांची वाट इथूनच. एकाच खडकाला एक दप्तर पडीक म्हणतं, दुसरं खनिज म्हणतं आणि तिसरं जागतिक वारशाच्या दोन ठिकाणांमधला दुवा म्हणतं. तिन्ही कागद खरे आहेत, तिन्ही सरकारचेच आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

या कागदांतलं बॉक्साइट हे तसं तरुण प्रकरण आहे. 1821 मध्ये पिएर बर्तिए या फ्रेंच भूवैज्ञानिकाने दक्षिण फ्रान्समधल्या ले बो गावाजवळच्या तांबड्या मातीत ॲल्युमिनियमचा मोठा अंश असल्याचं दाखवलं आणि गावावरूनच त्या खनिजाला नाव पडलं. पण ॲल्युमिनियम मातीतून सोडवणं जवळपास अशक्य होतं, इतकं की तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात ॲल्युमिनियमची भांडी मानाच्या पाहुण्यांसमोर ठेवत. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या प्रवाहाने हा धातू वेगळा करण्याची रीत शोधली. लगेचच कार्ल बायरने बॉक्साइटपासून ॲल्युमिना करण्याची पद्धत बसवली. आजही साधारण चार ते पाच टन बॉक्साइटमधून दोन टन ॲल्युमिना आणि त्यातून एक टन धातू मिळतो. 1886 च्या आधी शाहूवाडीचा सडा जगातल्या कुठल्याही कारखान्याला नको होता. त्याच्या वयापुढे ही सव्वाशे-दीडशे वर्षं म्हणजे काहीच नाहीत, पण तो कायमचा नाहीसा होण्याची शक्यता एवढ्याच वर्षांत निर्माण झाली.

आणखी मागे गेलं की खडकाला शास्त्रात नाव मिळाल्याची नोंद सापडते. 1799 मध्ये टिपू पडल्यावर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरला नव्याने मिळालेला मुलूख पाहायला पाठवलं. मद्रासहून निघून म्हैसूर, मलबार, कानडा असा त्याचा प्रवास झाला. मलबारात अंगडिपुरमजवळ लोक जमिनीतून मऊ तांबडे चिरे लोखंडी हत्याराने कापताना त्याने पाहिले. हवेत राहिले की ते टणक होत. 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याने या खडकाला, म्हणजे आपल्या जांभ्याला, लॅटराइट हे नाव दिलं आणि जगभरच्या भूविज्ञानाने ते स्वीकारलं. कोकणातल्या चिरेखाणीवरच्या माणसाला ही गोष्ट कितीतरी पिढ्या ठाऊक होती. त्याची घरं, देवळं, विहिरी, गडग्यांच्या भिंती त्याच चिऱ्याच्या होत्या. दूर कंबोडियात अंगकोरच्या देवळांच्या पायात आणि गाभ्यातही हाच खडक घातलेला आहे.

आपल्या बाजूचा शास्त्रीय अभ्यास रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केला. भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला ओळखणारे ते हेच. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ 1876 मध्ये निघाला. पुढे वनस्पतींची मोजदाद झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सड्या-कड्यांवरच्या वनस्पतींवर अनेक वर्षं काम केलं, शास्त्राला नवीन असलेल्या जाती वर्णन केल्या, आणि 2002 मध्ये यादव व सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. हे काम जिल्ह्यातल्याच लोकांनी पायी फिरून केलेलं आहे. पडीक जमिनीच्या रकान्याला इतकं सविस्तर उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

बॉक्साइटच्या आधीही जांभ्यातून धातू निघत होता. महाबळेश्वर परिसरातले धावड जांभ्यातलं लोखंड भट्टीत गाळत. पण ती भट्टी कोळशावर आणि माणसाने ओढलेल्या भात्यावर चालणारी होती. तिच्यासाठी अख्खा माथा सोलावा लागत नव्हता. माथ्यांवर खरा वावर होता गवळी धनगरांचा. पावसाळ्यातल्या गवतावर म्हशी चरायच्या, सड्याच्या कडेला धनगरवाडे वसायचे, आणि कुठल्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, कुठल्या कपारीत उन्हाळ्यातही झरा असतो, हे त्या घरांना पाठ असायचं. हे ज्ञान नकाशावर कधी उतरलं नाही.

त्याही मागे इतिहासाचा ठाऊक असलेला भाग येतो, फक्त तो खडकाच्या बाजूने कुणी सांगत नाही. विशाळगड तेव्हा खेळणा होता. 1453 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार खेळण्याच्या वाटेवर याच रानात फौजेसह मारला गेला. 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यात अडकले, सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने चालला. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आहे, आणि सोमेश्वर तलाव, अंधारबाव अशी पाण्याची सोय त्या माथ्यावर होती. 12 जुलैच्या रात्री महाराज बाहेर पडले. शिवा काशीदने पालखीत बसून वेळ मिळवून दिला. पुढची वाट मसाईच्या पठारावरून होती. शाहूवाडीच्या हद्दीलगत पन्हाळा तालुक्यात पसरलेलं मसाई पठार म्हणजे जांभ्याचा विस्तीर्ण सडाच. भर पावसाळ्यात खालच्या खोऱ्यात चिखल आणि पुराचे ओढे, वर मात्र चिखल न होणारा, पायाला आधार देणारा उघडा खडक. पालखी घेऊन रात्रीतून धावायचं तर हाच रस्ता. पुढे पांढरेपाणी, मग कासारीच्या खोऱ्यातली घोडखिंड, तिथे बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी देह ठेवला आणि ती पावनखिंड झाली. त्या रात्रीच्या पराक्रमात माणसांचा वाटा पहिला. भूमीचाही वाटा होता, आणि महाराजांना ती भूमी नेमकी ठाऊक होती.

जिला ती ठाऊक नव्हती अशा फौजेचं काय झालं तेही इथेच घडलं. औरंगजेबाने 1701 च्या डिसेंबरात विशाळगडाला वेढा घातला. किल्ला हाती यायला 1702 चा जून उजाडला, तोही मोठी रक्कम मोजून. किल्ल्याचं नाव त्याने सख्खरलना ठेवलं आणि ऐन पावसात फौज परत फिरवली. पन्हाळ्यापर्यंतच्या थोड्या अंतराला महिन्याहून जास्त लागला. ओढ्यांनी जनावरं, सामान, माणसं ओढून नेली. पाऊस आणि खडक यांचा इथला हिशेब कळला नाही तर दिल्लीची बादशाहीही थिटी पडते, हे त्या परतीच्या वाटेने दाखवलं.

माणसाचा आणखी जुना माग मसाईच्या कुशीतल्या पांडवदऱ्याच्या बौद्ध लेण्यांत आहे. ही लेणी जांभ्यात खोदलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या कठीण काळ्या पाषाणात उतरणारी बारीक नक्षी जांभ्यात होत नाही. भोकाभोकांचा हा दगड रेषा धरत नाही. म्हणून इथली खोली साधी राहिली, आणि ती निवडणारे भिक्षू पाण्याजवळ राहिले.

माणूस येण्याच्या पुष्कळ आधी या खडकावर वनस्पती आल्या आणि त्यांनी अवघड अटी मान्य केल्या. इथे माती बोटभर. त्या मातीत नत्र जवळजवळ नाही. चार महिने पाण्यात बुडायचं, आठ महिने कोरड्या उन्हात तगायचं. या अटींवर जगणाऱ्या जाती खास असतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं पाण्याखाली बारीक पिशव्या बाळगतात आणि सूक्ष्म जीव आत ओढून नत्र मिळवतात. दवबिंदूची वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडते. कंद जमिनीत राहतात, बिया खडकाच्या भेगांत. सड्याच्या उतरणीला कारवी वाढते आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरते. खळग्यांतल्या तळ्यांत बेडूक अंडी घालतात आणि त्यांच्या पिल्लांना पाणी आटायच्या आत मोठं व्हावं लागतं. असे जीव दुसरीकडे हलवून चालत नाहीत. त्यांना हाच खडक, हीच उंची आणि हाच पाऊस लागतो.

आता खडकाचीच जन्मकथा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर चढत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा दख्खनचा काळा पाषाण आहे, पश्चिमेला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. या थरांची प्रतवारी लावताना भूवैज्ञानिकांनी वरच्या थरांपैकी एकाला पन्हाळ्याचं नाव दिलं आहे: पन्हाळा फॉर्मेशन. जगभरच्या दख्खनविषयक शोधनिबंधांत कोल्हापूरचा हा किल्ला असा येतो. त्याच सुमारास डायनोसॉर संपले. नंतर सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला, पश्चिमेची किनारपट्टी घडली आणि मागे हटत जाणारा उभा कडा तयार झाला. तोच आपला सह्याद्री. आंबा घाटातून कोकण बघताना आपण त्या फाटलेल्या जमिनीच्या झिजत आलेल्या काठावर उभे असतो.

मग पावसाचं काम सुरू झालं. उष्ण, दमट हवेत काळ्या पाषाणातली खनिजं विरघळू लागली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वाहून गेलं, पाषाणाचा जवळपास निम्मा भाग असलेली सिलिकाही हळूहळू गेली. मागे राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे जे पाण्याला दाद देत नाहीत ते. लोहाने खडकाला तांबडा रंग आणि टणक कवच दिलं. जिथे लोहही पुष्कळसं निघून गेलं तिथे बॉक्साइट उरलं. घाटमाथ्यावरचा जांभा अशा रीतीने कोट्यवधी वर्षांत घडला आहे. कोकणातला, समुद्राजवळचा जांभा खालच्या पातळीवरचा. रत्नागिरीच्या सड्यांवर ज्यात कातळशिल्पं कोरलेली आहेत तो हा खालचा जांभा. वरचा सडा आधी खोलगट जागी तयार झाला आणि भोवतालची कमी टणक जमीन झिजून गेल्यावर उंचावर उरला, असंही काही अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल तर आजचे माथे हे एके काळचे तळ आहेत.

वंशावळीत पूर्वज असतात तसे वंशजही असतात, आणि सड्याचे वंशज सगळ्या जिल्ह्याच्या परिचयाचे आहेत. जांभ्याच्या कवचात भेगा आणि पोकळ्या, त्याखाली मऊ, पाणी धरणारा थर, त्याखाली चिकणमाती आणि मग अभेद्य काळा पाषाण. पावसाचं पाणी वरून मुरतं, चिकणमातीवर अडतं आणि जिथे डोंगराची बाजू उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. मातीचा माठ जसा भरल्यावर हळूहळू पाझरत राहतो, तसा सडा पावसाळा संपल्यावरही कित्येक महिने पाझरतो. महाबळेश्वरला कृष्णा अशाच जांभ्याच्या माथ्याखालून निघते. इथे गजापूर-विशाळगडाच्या बाजूने कासारी निघते, आंब्याच्या बाजूने कडवी. कासारीवर गेळवड्याला धरण आहे, कडवीवर निनाई परळ्याला. कासारी पुढे कुंभी, तुळशी, भोगावतीला मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नरसोबावाडीला कृष्णेला भेटते. कडवी वारणेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत जाते. कोल्हापूर-सांगलीचा ऊस, तिथले साखर कारखाने, नळाला येणारं पाणी या नद्यांवर उभं आहे. धरण पाणी साठवतं. ते थेंबाथेंबाने सोडणारी जागा त्याच्या वर, माथ्यावर आहे.

म्हणून बॉक्साइटचा हिशेब अपुरा ठरतो. खाण संपल्यावर खड्डा बुजवता येतो, माती पसरता येते, झाडं लावता येतात. कायद्याने तसं करावंही लागतं. पण मुरवणारं कवच, साठवणारा थर आणि पाझरणारी कड ही रचना कोट्यवधी वर्षांची असते, ती कंत्राटाच्या मुदतीत परत बसत नाही. झाडी लावलेला माथा हिरवा दिसेल. उन्हाळ्यात त्याच्या पायथ्याचा झरा किती दिवस वाहतो, हे मात्र वेगळं तपासावं लागेल. गंमत म्हणून सड्यावर गाड्या घालणं, फुलं तुडवणं, खळग्यांत बाटल्या टाकणं यांचं नुकसान लहान वाटतं. पण बोटभर मातीवर एका चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचंही नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या सड्याखालचे झरे नोंदवावेत, ते मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत किती वाहतात हे दरवर्षी मोजावं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या पाण्याच्या जागा त्यात याव्यात. महसुली दप्तरात पोटखराब्याबरोबर पाण्याचा उगम असाही रकाना असावा, म्हणजे उत्खननाचा अर्ज येईल तेव्हा तहसीलदाराच्या टेबलावर खनिजाच्या टनांशेजारी झऱ्याच्या लिटरांचा आकडा असेल. विद्यापीठाकडे वनस्पतींची यादी आहे, वनखात्याकडे वन्यजीवांच्या वाटांची. ती याच कागदाला जोडावी. दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या हजारो तरुणांना मसाईच्या पठारावर उभं करून पाच मिनिटं या खडकाबद्दल सांगावं. बाजीप्रभूंचा इतिहास त्यांना ठाऊक असतो. ज्या जमिनीने तो इतिहास घडू दिला, तिचाही कळावा.

टेबल माउंटन बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. शाहूवाडीचा सडा आपल्या तालुक्यात आहे, आणि त्याचं पाणी आपण रोज पितो. त्याला पडीक म्हणणं आता थांबवायला हवं.